चौथा टॉवेल

आमचे भावोजी बोलत नाहीत. मुके नाहीत, कुणाशी अबोलाही नाही, पण केस कापायचा धंदा करणारा माणूस आणि तोंडातून शब्द काढत नाही म्हटल्यावर नवखं गिऱ्हाईक खुर्चीत चुळबुळ करायला लागतं. दिवसभरात त्यांची तीनच वाक्यं असतात. "मान सरळ", "मान खाली" आणि "पाणी गार आहे, चालेल?" चौथं वाक्य मी त्यांच्या लग्नात ऐकलं होतं, तेही ताईनं कोपर मारल्यावर.

मी त्यांची मेव्हणी. त्यांच्या सलूनला लागून माझं औषधांचं दुकान आहे. मध्ये एक भिंत आणि दोन्ही दुकानांच्या पुढे, पत्र्याखाली, एक तार. त्या तारेवर भावोजींचे टॉवेल वाळत असतात. त्यामुळे माझी पाटी अर्धी झाकली जाते. एकदा एका बाईनं आत येऊन मला चादरी आहेत का विचारलं. यावरून माझं नि भावोजींचं वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. भांडते मी एकटीच. ते ऐकून घेतात आणि टॉवेल वीतभर बाजूला सरकवतात.

टॉवेलांच्या बाबतीत हा माणूस फार कडक. एक डोकं, एक टॉवेल. एकाचं डोकं पुसलेल्या टॉवेलानं दुसऱ्याचं पुसायचं नाही, तो लगेच धुऊन तारेवर घालायचा. आणि न वापरलेला टॉवेल तारेवर कधी म्हणजे कधी जायचा नाही. धुऊन धुऊन ताईची कंबर गेली, पण नियम गेला नाही. संध्याकाळी तारेकडे बघितलं की दिवसभरात किती डोकी झाली ते रस्त्यावरच्या कुणालाही सांगता यायचं. आमचे मास्तर तर रोज मोजायचे. मास्तर म्हणजे निवृत्त गणितशिक्षक. माझ्या दुकानापुढच्या बाकावर बसून माझंच वर्तमानपत्र फुकट वाचतात आणि वर मलाच बातम्या समजावून सांगतात.

आता संस्थेचं सांगते. आमच्या भागाच्या टोकाला, लांबच लांब कुंपणाच्या आत, अंतराळवीरांची संस्था आहे. वरून परत आलेल्यांना तिथं ठेवतात. महिनोन्महिने तरंगून अंगाची वजनाची सवय मोडलेली असते. ती परत लागेपर्यंत डॉक्टर त्यांना बाहेर सोडत नाहीत. तोवर केस तर वाढलेले असतात. मग संस्थेनं केस कापणारा शोधला. अख्ख्या बडबड्या धंद्यात न बोलणारा एकच निघाला, तो आमच्या घरात. ताईनं त्या कामासाठी खास निळे टॉवेल घेतले. गल्लीतल्या गिऱ्हाइकांना पांढरे, अंतराळवीरांना निळे. संस्था ते उकळून, पिळून परत द्यायची आणि भावोजी घरी आले की निळे टॉवेल तारेवर चढायचे. जितके वरून आले तितके निळे टॉवेल, असं आजवर चालत आलं होतं. सगळ्या रस्त्याला ते पाठ होतं.

या वेळी चौघं वर होते. त्यातले एक म्हणजे झुलपेवाले. वह्यांच्या पुठ्ठ्यावर, साबणाच्या वेष्टनावर, शाळेच्या भिंतीवर, जिथं तिथं त्यांचा हसरा चेहरा आणि कपाळावर ते काळंभोर झुलूप. वरून चौघं टीव्हीवर बोलायचे तेव्हा बाकीच्या तिघांचे केस चहूकडे उभे असायचे. झुलपेवाल्यांचं झुलूप मात्र जागचं हलायचं नाही. मास्तर म्हणायचे, "याला म्हणतात शिस्त. केसांनासुद्धा लावलीय माणसानं." समोरच्या पाववालीचा तर त्यांच्यावर भारी जीव. तिनं भट्टीच्या वरच्या भिंतीला त्यांचा फोटो लावलाय. नवऱ्याचा लावलेला नाही.

आणि एका सकाळी बातमी आली की चौघांना ठरल्याआधीच खाली आणलंय. चौघांपैकी एकाला वैद्यकीय कारणानं उपचारांची गरज आहे, प्रकृती स्थिर आहे, खासगीपणा जपण्यासाठी नाव व तपशील जाहीर करणार नाही, असं संस्थेचं निवेदन. निवेदन वाचणारे साहेब इतके घामाघूम होते की प्रकृतीची काळजी आम्हाला त्यांचीच वाटली.

"स्थिर म्हणजे काय?" मास्तर बाकावरून कडाडले. "दगडाचीही प्रकृती स्थिर असते."

मलाही राग आला होता, खोटं कशाला सांगू. वर जाताना आम्हाला सगळं दाखवतात. काय खातात, कसे झोपतात, दात कसे घासतात. संडासाचं यंत्रसुद्धा चित्र काढून समजावलं होतं. आणि आता एक जण आजारी पडला तर म्हणे खासगी. मी भिंतीवर थाप मारून पलीकडे ओरडले, "भावोजी, तुम्ही जाणार ना तिकडं? नीट बघून या सगळं!" पलीकडून फक्त कात्रीचा आवाज आला.

दोन दिवसांनी भावोजी संस्थेत जाऊन आले. सगळा रस्ता काहीतरी निमित्त काढून दारात उभा होता. पाववाली नुकतीच झाडलेली पायरी परत झाडत होती. शिंपीदादा सुईत दोरा ओवत होते, तो काही केल्या ओवला जात नव्हता. भावोजींनी पिशवी उघडली, एक निळा टॉवेल झटकून तारेवर घातला. मग दुसरा. मग तिसरा. मग पिशवीची घडी घातली आणि आत गेले.

तीन.

पाववालीच्या हातातला झाडू खाली पडला. मास्तरांनी चष्मा पुसला, परत मोजलं, बाकावर उभं राहून तारेच्या मागच्या बाजूनंही मोजलं. उत्तर तेच आलं.

"एक गेला," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. "टॉवेल खोटं बोलत नाही."

तेवढं पुरे होतं. संध्याकाळपर्यंत गेला कोण तेही ठरलं. झुलपेवालेच गेले, कारण सगळ्यांना त्यांचीच काळजी होती. संस्थेनं घाईघाईनं चौघांचा हात हलवतानाचा फोटो काढला, चौघांच्या डोक्यावर टोप्या. मास्तरांनी भिंग लावून बघितलं आणि जाहीर केलं की सावल्या साडेतीनच आहेत. शिंपीदादांचं म्हणणं असं की झुलपेवाले मेलेले नाहीत, वर राहून ते इतके उंच झालेत की दारातून मावत नाहीत, म्हणून लपवलंय. पाववालीनं तर शपथेवर सांगितलं की ते अजून तरंगतायत आणि डॉक्टरांनी त्यांना दोरीनं पलंगाला बांधून ठेवलंय. "केस कापताना वर छताला लागतील, म्हणून नाही कापले," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मी म्हटलं, बाई, मग दोरी लांब सोडा म्हणावं. तर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

संस्थेनं दुसरं निवेदन काढलं, मग तिसरं, मग डॉक्टरांची सभा टीव्हीवर दाखवली. जितकं सांगतील तितका संशय वाढत चालला. चौघांपैकी कुणी दगावलेलं नाही असं ते ओरडून सांगत होते, आणि आमचा रस्ता तारेकडे बोट दाखवत होता.

इकडे भावोजींच्या दुकानात जत्रा. सकाळी दाढी करून गेलेला माणूस दुपारी परत दाढीला. गुळगुळीत टक्कल असलेले दोन शेजारी केस कापायला रांगेत. सगळे आरशातून भावोजींच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत.

"चौथ्याचं काय झालं हो?" मास्तरांनी खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं.

"मान सरळ."

"नुसती मान हलवा. गेले का?"

"मान खाली."

मास्तर बाहेर येऊन मला म्हणाले, "'मान खाली' म्हणाला. म्हणजे शोक." मी कपाळाला हात लावला.

घरी ताईनंही कसून प्रयत्न केला. ताईच्या पोटात शब्द राहत नाही हे तिला स्वतःलाही मान्य आहे. तिला सकाळी सांगितलेली गोष्ट संध्याकाळी रस्त्याच्या त्या टोकाकडून, दोन नव्या भानगडी लावून, माझ्याकडे परत येते. तिनं भावोजींपुढे ताट आदळलं, आवडीचं करून वाढलं, रडून झालं, माहेरी जाते म्हणाली. माहेर म्हणजे माझंच घर, मागच्या बोळात. भावोजींनी ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी इतकंच म्हणाले, "शब्द दिलाय."

"कुणाला?" ताई म्हणाली.

त्यांनी दिवा मालवला.

लोक चिडले. विचारून विचारून थकले आणि मग त्यांनी ठरवलं की भावोजींनाही संस्थेनं फितवलंय. गिऱ्हाईक पुलापलीकडच्या पोरगेल्या सलूनवाल्याकडे जायला लागलं. त्यानं शिंपीदादांचे केस असे कापले की दादांना महिनाभर टोपी शिवून घालावी लागली, पण लोक हट्टानं तिकडेच जात. तारेवर दिवसाला चार-पाच पांढरे टॉवेल दिसायला लागले. माझी पाटी पहिल्यांदाच पूर्ण वाचता येत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

तशात ते निवेदनवाले साहेब एका दुपारी सलूनमध्ये आले. साहेबांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावलेली. मी भिंतीशी काहीतरी मांडते असं दाखवून ऐकत होते. भिंत पातळ आहे, त्यात माझा काय दोष?

"अहो, आमचे नऊ डॉक्टर ओरडून सांगतायत, कुणी ऐकत नाही," साहेब काकुळतीला आले. "मोठ्या साहेबांनी मला विचारलं, लोक कुणावर विश्वास ठेवतात? मी सांगितलं, एका तारेवर. माझी नोकरी जायची वेळ आलीय. एक काम करा. आणखी एक निळा टॉवेल भिजवा आणि लावा तिथं. बस्स. संपलं सगळं."

भावोजी कंगवा पुसत राहिले.

"खरंच तर आहे ना? चौघंही जिवंत आहेत! खोटं कुठं सांगतोय आपण?"

"टॉवेल वापरला नाही," भावोजी म्हणाले.

"अहो, वापरला असं समजा!"

"नाही वापरला."

साहेबांचा आवाज बारीक झाला. "वरून सांगितलंय की तुमचं जमत नसेल तर पुढच्या वेळी दुसरा बोलवा. पुलापलीकडचा एक आहे म्हणे."

"बोलवा," भावोजी म्हणाले.

साहेब गेले आणि मी तरातरा सलूनमध्ये शिरले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "भावोजी, काय हट्ट हा? संस्थेचं काम हातचं जाईल, गिऱ्हाईक तर गेलंच आहे, ताई रात्रंदिवस रडतेय. एक फडकं भिजवून टांगायचं तर आहे! तुम्ही नसाल टांगत तर मी टांगते!"

मी खरंच कपाटातून निळा टॉवेल ओढला. भावोजींनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला, घडी केली आणि परत ठेवला. मग माझ्या जन्मात त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं एवढं लांब वाक्य बोलले. "लोक त्या तारेकडे बघतात. तिथं मी खोटं नाही टांगणार." मग आधीच पुसलेला कंगवा परत परत पुसायला लागले. त्यांना भीती वाटत नाही असं मला इतकी वर्षं वाटत आलं होतं. खरं तर ती त्यांना आमच्याइतकीच वाटत होती. मी माझ्या दुकानात गेले आणि उगाचच खोकल्याच्या बाटल्या पुसत बसले.

पुढच्या आठवड्यात मास्तरांनी शोकसभा ठेवली. झुलपेवाल्यांची. सलूनच्या बरोब्बर समोर, म्हणजे भावोजींना ऐकू जावी म्हणून. पाववालीच्या भिंतीवरचा फोटो खुर्चीवर ठेवला, पुढे फुलं. सगळा रस्ता जमला. मीही होते. रडणाऱ्यांना लागलीच तर डोकेदुखीच्या गोळ्या माझ्या खिशात होत्या.

मास्तर भाषणाला उभे राहिले. "ते गेले," ते म्हणाले, "आणि आपल्याला सांगितलंसुद्धा नाही!" लोक हळहळले. भाषण रंगात आलेलं असताना गल्लीच्या तोंडाशी एक गाडी थांबली. काठी टेकत, एकेक पाऊल जपून टाकत एक माणूस आला. डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क. मागून ते निवेदनवाले साहेब. माणसानं मास्तरांना काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

"शू!" मास्तर खेकसले. "सभा चालू आहे. मागे उभे राहा. उशिरा यायचं आणि वर बोलायचं!"

माणूस निमूटपणे मागे जाऊन उभा राहिला. माझ्याच शेजारी. थोडा वेळ भाषण ऐकलं आणि मला हळूच विचारलं, "कोण वारलं?"

"झुलपेवाले," मी सांगितलं.

"अरेरे," तो म्हणाला. "चांगला होता का माणूस?"

"फार चांगला. पण संस्थेच्या मेल्यांनी लपवून ठेवलं." मी त्याला एक गोळी देऊ केली.

त्यानं मास्क काढला आणि टोपी काढली. कपाळावर झुलूप होतं.

पाववाली किंचाळली ती पुलापलीकडे ऐकू गेली असेल. ती धावत आली, पण चेहऱ्याकडे बघायच्या आधी तिनं वाकून त्यांच्या बुटांखाली बघितलं. बूट जमिनीला टेकलेले होते. "उतरले खाली!" तिनं सगळ्यांना सांगितलं. लोकांनी गराडा घातला. मास्तर मात्र भाषणाचा कागद धरून तसेच उभे होते.

"थांबा!" ते म्हणाले. "संस्थेनं पाठवलंय ह्यांना. तोंडवळा सारखा असलेला कुणीही पकडून आणतील. पुरावा काय?"

झुलपेवाले हसले. गर्दीतून वाट काढत सलूनमध्ये गेले आणि खुर्चीत बसले. आम्ही सगळे काचेला नाक लावून. जे मावले ते आत घुसले, मी सगळ्यांच्या पुढे.

"तुम्ही शब्द पाळलात," ते आरशातून भावोजींना म्हणाले. "माझ्यापायी तुमचं दुकान बसलं. मला कालच कळलं. आता पुरे." आणि त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावून झुलूप उचललं. सगळंच्या सगळं. खाली स्वच्छ, गुळगुळीत टक्कल. उठून त्यांनी तो टोप खुंटीवर अडकवला, जिथं लोक छत्र्या अडकवतात.

"चौथा टॉवेल का नव्हता ते कळलं ना आता?" ते लोकांकडे वळून म्हणाले. "कापायला होतंच काय? विशीतच गेले सगळे. लाज वाटायची हो. सगळीकडे ते फोटो लागलेले. ह्यांना म्हटलं, कुणाला सांगू नका. आजारीबिजारी मी नाही. ठणठणीत आहे."

मला तर कुठं बघावं कळेना, कारण आम्ही महिनाभर ज्या माणसाच्या केसांवरून त्याच्या मरणाचा हिशोब केला, त्याला केसच नव्हते. मनात आलं, चला, आता तरी मिटलं सगळं.

तर मास्तर विजयी आवाजात म्हणाले, "बघा! मी म्हटलं नव्हतं? तोतया! आमच्या झुलपेवाल्यांना केस होते!"

आणि लोकांना ते पटलं! अहो, पटलं! "खरंच की," शिंपीदादा म्हणाले, "फोटोत आहेत ना केस." पाववालीनं खुर्चीवरचा फोटो आणून त्यांच्या टकलाशेजारी धरला आणि हुंदका दिला. झुलपेवाल्यांनी ओळखपत्र काढलं. "संस्थेनंच दिलेलं ना?" मास्तर म्हणाले. झुलपेवाल्यांनी पाववालीला, वर जायच्या आधी तिनं त्यांना पाठवलेल्या केकचं नाव सांगितलं. "ते तर मी टीव्हीवर सांगितलं होतं," ती रडत म्हणाली. निवेदनवाले साहेब भिंतीला टेकून खाली बसले. जिवंत माणूस समोर बसून मी मीच आहे म्हणून सांगतोय आणि त्याचीच शोकसभा बाहेर खोळंबलीय, असं मी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. झुलपेवाल्यांचा चेहरा पडला. त्या माणसानं आयुष्यभर जपलेली लाज चारचौघांत खुंटीला टांगली होती आणि उपयोग शून्य झाला होता.

"मान सरळ," भावोजी म्हणाले.

भावोजींनी झुलपेवाल्यांच्या अंगावर कापड टाकलं. तेल घेतलं, टाळूला लावलं आणि निवांत मालिश करायला लागले, जणू दुकानात कुणीच नाही. मग तांब्या भरून घेतला. "पाणी गार आहे, चालेल?" झुलपेवाल्यांनी मान हलवली. डोकं धुतलं. कपाट उघडून निळा टॉवेल काढला आणि डोकं पुसलं, कानामागचंसुद्धा. मग तो टॉवेल बादलीत धुतला, घट्ट पिळला, गर्दीतून बाहेर आले आणि झटकून तारेवर घातला.

सगळा रस्ता तारेकडे बघत होता. मास्तरांनी चष्मा पुसला. बाकावर चढले. मागून, पुढून बघितलं.

"निळा आहे," ते म्हणाले. मग खाली उतरले, सलूनमध्ये गेले आणि झुलपेवाल्यांचा हात हातात घेतला. "तुम्हीच आहात. माफ करा. बरे आहात ना?"

"अहो, मी स्वतः सांगत होतो ते चाललं नाही," झुलपेवाले म्हणाले, "आणि टॉवेल चालला?"

"तुमची नि आमची ओळख टीव्हीवरची," मास्तर म्हणाले. "टॉवेल रोजचा बघण्यातला आहे."

पाववालीनं तेवढ्यात पाव, बिस्किटं, काय हाताला लागेल ते आणलं आणि शोकसभेच्या खुर्च्यांवर बसून सगळ्यांनी खाल्लं. ताई टकलाकडे बघून एकसारखी "तरीच! तरीच वर जाऊनसुद्धा हलत नव्हतं!" म्हणत होती. निवेदनवाले साहेब भावोजींच्या मागे लागले की पुढचं निवेदन आम्ही कापडावर छापून आणतो, तुम्ही फक्त चिमटे लावा. भावोजी म्हणाले, "तार भरलीय." तारेवर एकच टॉवेल होता.

निघताना मास्तरांनी झुलपेवाल्यांना दारात गाठलंच. "मग आजारी आहे तरी कोण? तिघांपैकी?"

"ते त्यांचं त्यांनी सांगावं," झुलपेवाले म्हणाले. "मी नाही सांगणार." मास्तरांनी मोठ्या आशेनं भावोजींकडे बघितलं. भावोजी जमिनीवरचे केस झाडत होते, जे मुळात पडलेच नव्हते.

गिऱ्हाईक हळूहळू परत आलं. शिंपीदादा सगळ्यात आधी आले, टोपी हातात घेऊन. संस्थेनंही भावोजींनाच ठेवलं. आजारी कोण होतं ते मात्र आजतागायत कुणाला कळलेलं नाही, आणि मलाही आता ते विचारावंसं वाटत नाही. का, ते सांगते.

त्या गोष्टीला काही महिने झाले असतील. मला डॉक्टरांनी काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते विचारू नका, तुम्हालाही सांगणार नाही. ऐकून मी घाबरले एवढं खरं. औषधं विकणाऱ्या बाईला रोगांची नावं पाठ असतात, त्यामुळे घाबरायला जास्तच सोपं जातं. कुणाला सांगणार? ताईला सांगितलं असतं तर संध्याकाळी माझीही शोकसभा भरली असती, आणि भाषणाला मास्तर. रस्त्यानं माझ्या दुकानात येऊन माझ्या चेहऱ्याकडे बघत राहावं, गोळ्या घेता घेता माझं वजन किती उतरलं त्याचा अंदाज करावा, हे मला नको होतं. मला थोडे दिवस आधीसारखं नुसतं भांडायचं होतं.

दुपारी सलून जेवणापुरतं बंद असतं, मास्तरही जेवायला घरी गेलेले असतात. भावोजी एकटेच कात्र्यांना तेल देत बसलेले. मी आत गेले, दुसरी जागा नव्हती म्हणून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि सगळं बोलून टाकलं. बोलता बोलता रडायला लागले. आरशात माझंच तोंड दिसत होतं आणि ते बघून आणखी रडू येत होतं. भावोजींनी कपाटातून कोरा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. तो अख्खा भिजवला मी. मग त्यांनी पेला भरून पुढे केला.

"पाणी गार आहे, चालेल?"

मला हसू आलं. रडतानाच हसले.

"डॉक्टरांकडे कधी जायचंय?" ते म्हणाले. "मी येतो."

आले. दरवेळी आले. ताईला सांगितलं होतं, नवे कंगवे बघायला जातो. आता आमच्या घरात कंगवेच कंगवे झालेत.

पण त्या दिवशीचं राहिलं. दुसऱ्या सकाळी मी दुकान उघडत होते. पलीकडे मास्तर दाढीला बसले होते.

"काल अकरा डोकी झाली," मास्तर म्हणाले. "दुकान उघडं असताना मी बाकावरच होतो, एकेक बघितलं. आणि तारेवर टॉवेल बारा. अजून आहेत, मोजा. तो बारावा कुणाचा?"

माझा हात कुलपावरच थांबला.

"मान खाली," भावोजी म्हणाले.

मी वर बघितलं. तो बारावा टॉवेल बरोबर माझ्या पाटीवर आला होता, अर्धं नाव झाकून. त्या दिवशी मी भांडले नाही.